डलॉनेगा: गलाईवाल्या मामांबरोबर सोन्याच्या गावात

मामांचं आयुष्य सोनं वितळवण्यात गेलं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यातलेच ते एक. मिसरूड फुटायच्या आत गाव सोडलं आणि थेट केरळात त्रिशूर गाठलं. सराफ पेठेत माडीवर एक खोली, तिच्यात भट्टी, मुशी आणि तेजाबाच्या बरण्या. जुना दागिना वितळवायचा, चांदी-तांबं वेगळं करायचं, शुद्ध सोन्याची लगड सराफाच्या हातात द्यायची. आता धंदा मुलगा बघतो. मामा गळ्यातली तुळशीची माळ आणि एक छोटी बॅग घेऊन माझ्याकडे अटलांटाला आले. मत्स्यालय झालं, कोका-कोलाचं संग्रहालय झालं, मंदिर झालं, मॉल झाले. एका रात्री जेवताना म्हणाले, "हे सगळं झ्याक आहे गं. पण बघायला काय आहे?"

म्हणून ऑक्टोबर संपता संपता एक शुक्रवार रजा टाकली, चिरंजीवांना शाळेतून लवकर उचललं आणि गाडी उत्तरेला लावली. अटलांटापासून सुमारे ६५ मैलांवर, ॲपलाचियन डोंगररांगा जिथे सुरू होतात तिथे, डलॉनेगा नावाचं साडेसात हजार वस्तीचं गाव आहे. १८२८-२९ मध्ये या भागात सोनं सापडलं. कॅलिफोर्नियाच्या वीस वर्षं आधी.

शुक्रवार

चारशे नंबरचा महामार्ग आमच्या दारावरून जातो आणि डलॉनेगाच्या वेशीवरच संपतो. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. कमिंगच्या पुढे पेट्रोल पंप विरळ होतात, झाडी दाट होते, आणि मग एका चढावर समोर निळसर डोंगरांची ओळ दिसते. मामांना वाटलं ढग आहेत.

आम्ही राहतो ती फोरसाइथ काउंटी अटलांटाच्या उपनगरांत येते; काउंटी म्हणजे इकडचा जिल्हा. तिच्याबद्दल त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. १९१२ मध्ये इथल्या गोऱ्यांनी सुमारे १,१०० कृष्णवर्णीयांना दहशत घालून काउंटीतून पिटाळलं. त्यांची घरं, शेतं, चर्च मागे राहिली. पुढची पाऊणशे वर्षं इथे काळा माणूस वस्तीला येऊ धजत नव्हता. १९८७ मध्ये समतेचा मोर्चा निघाला तर त्यावर दगडफेक झाली. आज त्याच काउंटीत आमच्यासारख्यांच्या वसाहती आहेत, इडलीचं पीठ मिळतं, गणपती बसतो. मामा बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जमीन रिकामी करून ठेवली होती म्हणायची." या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

डलॉनेगाचा चौक म्हणजे गावाचं काळीज. मधोमध विटांची दुमजली इमारत. ही १८३६ ची कोर्टकचेरी, जॉर्जियातल्या शिल्लक राहिलेल्या सर्वात जुन्या कचेऱ्यांपैकी एक. भोवती चारी बाजूंनी दुकानं. लाकडी सज्जे, दिव्यांच्या माळा, दारोदारी भोपळे आणि मक्याच्या पेंढ्या. पुतळ्यांना बुजगावण्याचे कपडे. दुकानांत फज, मेणबत्त्या, वाईन, काचेच्या कुपीत पाण्यात तरंगणारे सोन्याचे पातळ कपटे. मामांनी कुपी उचलून उजेडात धरली, हलवली आणि परत जागेवर ठेवली. "वर्ख आहे. गुंजभर पण न्हाई."

एका दुकानात मात्र ते रमले. फळीवर काळपट मधासारखं काहीतरी भरलेल्या बरण्या होत्या, दुकानदार बाईंनी काडीवर चाखायला दिलं. "ही तर काकवी!" काकवीच होती, पण ज्वारीची. इथल्या डोंगरात उसासारखी गोड ताटांची ज्वारी लावतात. शरदात ती तोडून चरकात घालतात आणि उथळ कढईत रस आटवतात. पाव नाही तर बिस्किटावर ओतून खातात. एक बरणी घेतली, ती रविवारपर्यंत अर्धी झाली होती.

चौकापासून चार पावलांवर विद्यापीठ आहे, आणि ते सैनिकी परंपरेचं आहे. संध्याकाळी आम्ही त्या मैदानाच्या कडेनं चाललो होतो तेवढ्यात तोफ धडाडली. मामा दचकून माझ्या हाताला लटकले. बघतो तर रस्त्यावरच्या गाड्या थांबलेल्या, गणवेशातली पोरं-पोरी झेंड्याकडे तोंड करून ताठ उभी, पाठीवर दप्तर असलेला एक साधा विद्यार्थीही कानातली बोंडं काढून उभा. झेंडा उतरला, बिगुल थांबला, गाड्या हलल्या. इथे हे रोजचं आहे.

त्याच मैदानाच्या टोकाला सोनेरी मनोऱ्याची इमारत आहे. तिच्या पायातच आमच्या येण्याचं कारण होतं. अमेरिकन सरकारची टाकसाळ इथे होती. १८३८ मध्ये सुरू झाली, १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा बंद पडली. पुढे ती वास्तू कॉलेजला दिली, १८७३ मध्ये कॉलेज उघडलं, पहिल्यापासून मुलींनाही प्रवेश होता. १८७८ मध्ये टाकसाळ जळाली. तिच्याच पायावर आजची इमारत उभी केली आणि १९७३ मध्ये मनोऱ्यावर इथल्याच सोन्याचा वर्ख चढवला. मामांनी मान वर करून मनोरा बघितला आणि नंतर खाली वाकून पायाचे दगड. दगडांकडेच जास्त वेळ बघितलं.

शनिवार

सकाळी कचेरीतलं सोन्याचं संग्रहालय. तिकीट घेऊन आत शिरताच मामा विटांपाशी थांबले. या विटा गावच्याच मातीच्या, त्यामुळे त्यांतही सोन्याचा अंश आहे असं सांगतात. मामांनी भिंतीवर अंगठा फिरवून बघितला. मी आजूबाजूला बघितलं, कोणी रागवायला नव्हतं.

आत दोन गोष्टींनी त्यांना खिळवून ठेवलं. एक म्हणजे पाच औंसाच्या वर भरणारा सोन्याचा ओबडधोबड गोळा. "जुन्या हिशेबानं तेरा तोळे. आत्ताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं पंधरा," त्यांनी लगेच मांडलं. दुसरी म्हणजे इथे पाडलेल्या नाण्यांचा संपूर्ण संच. एक डॉलर, अडीच, तीन आणि पाच डॉलरची ही सोन्याची नाणी, आणि प्रत्येकावर बारीक 'डी'. तेवीस वर्षांत या टाकसाळीनं ६० लाख डॉलरहून जास्त किमतीची नाणी पाडली. पाच डॉलरच्या नाण्याचं वजन ८.३६ ग्रॅम, सोनं ९० टक्के. हे वाचून दाखवल्यावर मामांचे डोळे चमकले. "त्रिशूरला सगळा हिशेब पवनावर. आठ ग्रॅमचा एक पवन. म्हणजे हे नाणं पवनापेक्षा जड. पण टंच, म्हणजे शुद्धपणा, गिनीपेक्षा कमी."

नव्वद टंच पाडायचं तर आधी माल शुद्ध करायला हवा, तो इथे कसा करत, भट्टी कुठे होती, तेजाब कुठून यायचं, चांदीचं काय करायचे. प्रश्नांची सरबत्ती. काउंटरवरच्या गृहस्थांनी जमेल तितकी उत्तरं दिली, चिरंजीव दुभाष्या. त्यातून टाकसाळीच्या आधीची एक गोष्ट निघाली. सुरुवातीला खाणकामगार सोन्याची भुकटी कागदात बांधून व्यवहार करायचे. सरकारी टाकसाळ फिलाडेल्फियाला, तिकडे माल पाठवणं म्हणजे महिन्यांचा आणि जोखमीचा प्रवास. हे हेरून टेम्पलटन रीड नावाच्या कारागिरानं १८३० मध्ये स्वतःच नाणी पाडायला घेतली, आधी मिलेजव्हिलला, मग जवळच्या गेन्सव्हिलला. काही महिन्यांत वर्तमानपत्रात पत्र आलं, की दहा डॉलर लिहिलेल्या नाण्यात दहा डॉलरचं सोनं नाही. झालं, दुकान बसलं.

"बसणारच," मामा म्हणाले. "आमच्या धंद्यात लगडीवर नाव टाकलं की त्या नावाला पिढ्या खातात. एकदा टंच चुकला की पेठेत कोणी पाणी विचारत न्हाई."

वरच्या मजल्यावर न्यायालयाची जुनी खोली तशीच ठेवलेली आहे. लाकडी खुर्च्यांवर बसलो, आणि इथेच मला चेरोकींचं सगळं मामांना सांगावं लागलं, कारण खालच्या फलकांवरचं त्यांनी अर्धंच ऐकलं होतं.

हा सगळा डोंगराळ मुलूख चेरोकी लोकांचा. ते काही पालं ठोकून हिंडणारे नव्हते. शेती होती, घरं होती, १८२७ मध्ये केलेली लिखित घटना होती. सिक्वोया नावाच्या माणसानं त्यांच्या भाषेसाठी लिपी बनवली होती आणि त्या लिपीत १८२८ पासून न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीत वर्तमानपत्र निघत होतं. सोनं सापडल्यावर हजारो गोरे घुसले. जॉर्जिया राज्यानं कायदे केले की चेरोकींना स्वतःच्याच जमिनीतलं सोनं काढता येणार नाही, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध त्यांची साक्ष न्यायालयात चालणार नाही. १८३२ मध्ये तर राज्यानं त्यांच्या जमिनीची सोडतच काढली. सोन्याच्या पट्ट्यात चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडले आणि गोऱ्या नागरिकांच्या नावाच्या चिठ्ठ्या पिंपातून काढून वाटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चेरोकींच्या बाजूनं निकाल दिला होता. तो कोणी जुमानला नाही. १८३५ मध्ये मूठभर चेरोकींच्या सह्या घेऊन करार उरकला आणि १८३८ मध्ये सैन्यानं घरोघर जाऊन माणसं बाहेर काढली. सुमारे १६,००० लोकांना आजच्या ओक्लाहोमापर्यंत नेलं. वाटेत आणि छावण्यांत अंदाजे ४,००० मेले.

"आणि टाकसाळ कधी उघडली म्हणालीस?"

"१८३८."

मामांनी मान हलवली. कचेरी १८३६ ची, म्हणजे आम्ही बसलो होतो त्या खोलीत त्या काळात कोर्ट भरत होतं. चेरोकी माणसाची साक्ष न चालणारं कोर्ट.

दुपारचं जेवण स्मिथ हाउसमध्ये. हे ठिकाण आता गावाइतकंच प्रसिद्ध आहे. ताटं वाढून देत नाहीत. टेबलावर वाडगे येतात, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडे पुढे सरकवायचे. तळलेलं चिकन, रताळी, घेवडा, मक्याची भाकरीवजा पोळी, कोबी, तळलेली भेंडी. माळकरी माणसाला इकडच्या भाज्या जपून द्याव्या लागतात, कारण घेवडा आणि पालेभाजी डुकराच्या तुकड्याबरोबर शिजवायची पद्धत आहे. विचारून विचारून भेंडी, रताळी आणि मक्याची पोळी यांवर मामांचं पोट भरलं. भेंडी तर दोनदा मागितली.

या घराच्या पोटात खाण आहे. १८९९ मध्ये फ्रँक हॉल यांनी घर बांधायला घेतलं तेव्हा पाया खणताना सोन्याची शीर लागली म्हणतात. पण चौकाच्या इतक्या जवळ खणायला गावानं परवानगी नाकारली. मग त्यांनी वर घर बांधून टाकलं. १९२२ पासून इथे खानावळ चालते. २००६ मध्ये दुरुस्तीसाठी जमीन फोडली तर खाली खरोखरच खाणीचा उभा खड्डा निघाला. आता तो काचेआडून बघता येतो. चिरंजीवांचा तर्क असा की हॉलसाहेबांनी परवानगीबिरवानगी न बघता रात्री खणलं असणार. तो आवडला मला.

गावाच्या काठावर कन्सॉलिडेटेड नावाची जुनी खाण आहे. बोगद्यातून उतरत उतरत सुमारे २०० फूट खाली नेतात. आत बारा महिने सारखाच गारवा, छतातून ठिबकणारं पाणी, आणि भिंतीत पांढऱ्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झच्या दगडाचे, पट्टे. सोनं या गारेच्या शिरांत असतं. वाटाड्यानं दाबाच्या हवेवर चालणारं जुनं छिद्रयंत्र क्षणभर चालवून दाखवलं तेव्हा कानठळ्या बसल्या. त्याचं टोपणनाव 'विधवा करणारं'. पाण्याशिवाय गारेत छिद्र पाडायचं म्हणजे दगडाची बारीक पूड थेट फुफ्फुसात जायची.

ही कंपनी विसाव्या शतकाच्या तोंडावर मोठ्या थाटात उभी राहिली. मोठा कारखाना, क्लोरीननं सोनं काढायची तेव्हाची नवी पद्धत, आणि अफाट भांडवल. सहा-सात वर्षांत दिवाळं. डोंगरात सोनं होतं, पण टनामागे इतकं थोडं की दगड फोडायचा खर्च निघेना.

मामा वर आल्यावर म्हणाले, "आमच्या केरात ह्याच्यापेक्षा जास्त माल असतो."

त्यांचं म्हणणं खरं किती ते तासाभरात कळलं. गावाच्या उत्तरेला क्रिसन नावाची जुनी उघडी खाण आहे. तिथे दगड कुटणारी, शतकाहून जुनी यंत्रं अजून चालवून दाखवतात. लोखंडी मुसळांची रांग आळीपाळीनं वर जाते आणि दाणकन दगडावर पडते. कुटलेला चुरा पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून वाहायचा आणि पत्र्यांवर चोपडलेला पारा सोनं धरून ठेवायचा. नंतर पारा तापवून उडवायचा. मामांनी पत्र्यापासून पाऊल मागे घेतलं. "ह्या धुरानं हात थरथरणारी माणसं बघितलीत मी. चहाचा कप तोंडापर्यंत जात न्हाई."

मग वाळू चाळायची जागा. लांब पन्हाळीतून पाणी वाहतंय, कडेला पोरंबाळं रांगेनं उभी, प्रत्येकाच्या हातात कडेला खाचा असलेलं हिरवं प्लास्टिकचं तसराळं आणि त्यात विकत घेतलेली वाळू. एक मुलगी सर्वांना शिकवत होती: पाणी घ्या, हलवा, तिरपं करा, वरची वाळू वाहू द्या. चिरंजीवांनी पहिल्या दोन हिसड्यांत निम्मी वाळू पन्हाळीत सांडली.

मामांनी बाह्या दुमडल्या. तसराळं पाण्यात बुडवून त्यांनी आधी ते नुसतं हलवलं, डावीकडे उजवीकडे, छोटे छोटे झटके. बराच वेळ ते काही ओततच नव्हते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, गारेची वाळू अडीच-पावणेतीन पट. हलवत राहिलं की सोनं आपलं आपण तळ गाठतं, घाई करणाऱ्याचं वाहून जातं. मग त्यांनी कड किंचित झुकवली, अंगठ्यानं मोठे खडे बाजूला सारले, लाटेसारखं पाणी आत घेतलं, बाहेर सोडलं. पांढरी वाळू गेली. करडी गेली. शेवटी तळाच्या कोपऱ्यात चिमूटभर काळी रेती उरली. तिच्यात लोह असतं. चिरंजीवांनी चुंबक फिरवल्यावर बरीचशी केसांसारखी उभी राहून निघून गेली. मामांनी घोटभर पाणी ठेवून तसराळं गोल फिरवलं, आणि काळ्या रेतीच्या मागून पिवळ्या कणांची शेपटी सरकत बाहेर आली. खसखशीहून बारीक. पण पिवळे, अगदी निःशंक पिवळे.

शिकवणारी मुलगी केव्हाच शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, यांनी हे आधी कुठे केलंय?

मामांनी केलं होतं ते नदीत नव्हे, केरात. सोनाराच्या दुकानात कानस चालते, कण उडतात. ते खाली बसतात, फडक्यात, चटईत, हात धुवायच्या पाण्यात. झारेकरी तो केर विकत घेतात, जाळतात, धुतात आणि त्यातून सोनं काढतात. गलाईवाल्यानंही आपला केर कधी फेकायचा नसतो. त्रिशूरला एका कारखानदारानं जागा बदलली तेव्हा मामांनी दोघा भागीदारांबरोबर त्या खोलीची नुसती जमीन विकत घेतली होती. वीतभर खोल खरवडून पोती भरली, महिनाभर धुतली. किती निघालं ते त्यांनी आजवर मामींनाही सांगितलेलं नाही, मला कुठून सांगणार? चिरंजीवांनी हे सगळं इंग्रजीत सांगितल्यावर मुलगी खो-खो हसली आणि तिनं मामांना वाळूचं आणखी एक तसराळं फुकट दिलं.

जे निघालं ते काचेच्या नळीत भरून दिलं. मामांनी नळी तिरकी करून बघितली. "चांगला रंग आहे. चांदी कमी असणार. पण आपण वाळूला जेवढे पैसे दिले त्याच्या निम्म्याचं पण न्हाई हे." चिरंजीवांचा चेहरा पडला तसे म्हणाले, "अरे, खाण चालते ती वाळू विकून. सोनं विकून चालली असती तर आपल्याला हात लावू दिला असता व्हय?"

संध्याकाळी चौकात, कचेरीच्या हिरवळीवर, घरून आणलेल्या खुर्च्या मांडून सात-आठ जण वाजवत बसले होते. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, एक भलामोठा बास. कोणी कार्यक्रम करत नव्हतं. एक जण गाणं सुरू करी, बाकीचे सूर पकडत. नव्यानं आलेला माणूस खुर्ची उघडून वर्तुळात घुसे. भजनी मंडळात रुळलेल्या मामांना पाच मिनिटांत कळलं की इथेही आळीपाळीनं प्रत्येकाला एकेक पाळी मिळते, आणि मान हलवून पुढच्याला खूण करतात. टाळ्या आणि ठेका त्यांनी बरोबर धरला. ज्या बँजोशिवाय हे डोंगरी संगीत उभंच राहत नाही, तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून या डोंगरात आला.

गुलामांचं इथल्या फलकांवर थोडकंच आहे, खाणींत मात्र ते भरपूर होते. देशाचे उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले जॉन कॅलहून यांची इथे खाण होती आणि ती गुलामांच्या श्रमावर चालायची. जेम्स बॉयसक्लेअर नावाचा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस ऑगस्टाहून आला, त्यानं दुकान थाटलं, त्याला सोन्याची मोठी शीर सापडली. पण त्या वेळच्या कायद्यानं स्वतंत्र काळ्या माणसालाही गोरा पालक नेमावा लागे, आणि त्याचे व्यवहार त्या पालकाच्या आडून चालत. पुढे तो कॅलिफोर्नियाला गेला.

कॅलिफोर्नियाची हाक आली तेव्हा निम्मं गाव रिकामं झालं. १८४९ मध्ये टाकसाळीचे पारखी मॅथ्यू स्टीफन्सन यांनी याच कचेरीसमोर गर्दी जमवून, समोरच्या डोंगराकडे हात करून, इथेच लाखोंचं सोनं आहे, जाऊ नका, असं विनवलं अशी गावाची आख्यायिका आहे. ते वाक्य आता टी-शर्टवर छापून विकतात. लोक काही थांबले नाहीत.

रविवार

सकाळी उत्तरेकडचा घाट. गावापासून नऊ-एक मैलांवर तीन रस्ते मिळतात तिथे, अगदी तिठ्याच्या मधोमध, दगडांचा मोठा ढीग आहे. ट्राह्लिटा नावाच्या चेरोकी राजकन्येची ही समाधी, आणि जाणाऱ्यानं एक दगड टाकावा, असं सांगतात. रस्ता रुंद करताना ढीग हलवायचा प्रयत्न झाला तेव्हा अपघात झाले, म्हणून रस्त्यानंच वळसा घेतला अशीही कथा आहे. राजकन्येची गोष्ट किती जुनी आणि किती गोऱ्यांनी रचलेली, मला शंका आहे. ज्यांना हाकललं त्यांच्या राजकन्या नंतर फार सुंदर होतात. मामांना असल्या शंका पडत नाहीत. त्यांनी चांगला गोटा शोधला, ढिगावर ठेवला, हात जोडले.

पुढे रस्ता नागमोडी चढत वुडी गॅप या खिंडीत जातो. झाडं इथे ऐन रंगात होती: मेपल लाल, हिकरी पिवळी, ओक तपकिरी. फोटो काढायचे म्हणून सगळं अटलांटा तिथे लोटलं होतं, त्यात निम्मे आपलेच. पार्किंगला जागा मिळेना. या खिंडीतून ॲपलाचियन पायवाट रस्ता ओलांडते. जवळच्या स्प्रिंगर डोंगरावरून निघून सुमारे २,२०० मैलांवर मेन राज्यात संपणारी ही वाट. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे हीच तिची खूण. आम्ही पाव मैल चालून एका खडकावर डबा खाल्ला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकवी. पाठीवर भलं ओझं घेतलेला एक जख्ख म्हातारा वाटेनं आला, मामांनी त्याला दशमी दिली, त्यानं उभ्या उभ्या खाल्ली आणि वर काकवीत बोट बुडवलं.

परतताना चारशेवर न जाता नैर्ऋत्येला ऑरेरियाकडे वळलो. सोन्याच्या लाटेत आधी उभं राहिलं ते गाव हे. हॉटेलं, दुकानं, जुगार, वर्तमानपत्र, सगळं होतं. १८३३ मध्ये इथल्या काउंटीची कचेरी डलॉनेगाला गेली आणि ऑरेरियाची कळा गेली. आता फलक आहे, रानवेलींनी गिळलेली एक-दोन पडकी घरं आहेत आणि रस्ता आहे. पाच मिनिटांत बघून होतं.

पण इथलीच माणसं देशभर खाणी शोधत फिरली. इथले रसेल बंधू १८५८ मध्ये कोलोराडोत पोचले, तिथे सोनं मिळालं, आणि त्यांच्या माणसांनी नव्या वस्तीला आपल्याच गावाचं नाव दिलं. ते दुसरं ऑरेरिया पुढे डेन्व्हर शहरात विरून गेलं. डेन्व्हरची टाकसाळ १९०६ पासून नाणी पाडते आणि तिचीही खूण 'डी'च. चिरंजीवांनी हे फोनवर वाचलं आणि लगेच गाडीतली सुटी नाणी चाळली. तीन पावल्या, म्हणजे पाव डॉलरची नाणी, 'डी'च्या निघाल्या, बाकी 'पी'च्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या.

मुख्य रस्त्याला लागण्याआधी एका टपरीसमोर मोठा हंडा उकळताना दिसला. मामांनी वासावरून ओळखलं. भुईमुगाच्या ओल्या शेंगा, भरपूर मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या. इथे दक्षिणेत रस्तोरस्ती मिळतात. टपरीवाल्यानं झाऱ्यानं उपसून पिशवीत भरल्या. मामांनी एक फोडली, दाणा चाखला, मीठ जास्त असल्याचा निर्वाळा दिला आणि मोठी पिशवी मागितली. सुटे पैसे देताना चिरंजीवांनी 'डी'च्या पावल्या बाजूला काढून घेतल्या. कमिंगच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. वाट मोकळी होईपर्यंत पिशवी संपली आणि सीटवर टरफलंच टरफलं झाली. त्यावरून घरी पोचल्यावर अर्थातच मला बोलणी बसली.